म्हशी किती?

(कोल्हापूर, २००७. दूधकट्ट्यावरची संध्याकाळ. गिऱ्हाइकासमोर धार काढून बयाबाई नुकतीच उठली आहे. शेजारी आपल्या म्हशीपाशी आकाराम. बयाबाईची लेक मोना नव्या आराखड्याचा नकाशा घेऊन महापालिकेच्या ऑफिसातून थेट आली आहे.)

बयाबाई : बाकीचं ऱ्हाऊ दे. आमची जागा कुठं दावलीया, तेवढं बोट ठेवून दाव.

मोना : हा रस्ता. हितं शैक्षणिक संकुल. अभ्यासिका, कॉम्प्युटर सेंटर, वर मोठा हॉल. पोरं शिकतील, कंपन्या येतील, नोकरीसाठी कुणाला पुण्याला जायला नको.

आकाराम : झ्याक हाय की! आणि कट्टा?

मोना : कट्ट्यावर पार्किंग, तात्या.

बयाबाई : असू दे. शिक्षणापायी जागा द्यायला आमी न्हाय म्हणत न्हाय. पर आमाला दुसरी कुठं दिलीया?

मोना : कुठंच नाही.

आकाराम : आँ? सायबच म्हणालतं की, ज्याचा धंदा उठंल त्याला जागा मिळंल!

मोना : धंदा असला तर. सर्व्हेत हितं धंदाच नाही. म्हशी चौदा, दुभती एकसुद्धा नाही.

आकाराम : हितं सांच्याला पाय ठेवाय जागा नसती! कुठल्या आंधळ्यानं मोजल्या?

मोना : मोजल्या कुठं? तुमाला विचारल्या. दिवाळीआधी दोन बायका कागद घेऊन आलत्या. काय सांगितलं तुमी?

आकाराम : काय सांगणार? एकच हाय, तीबी भाकड.

मोना : चौदा जणांनी तेच सांगितलं.

आकाराम : मग! परक्या माणसाला दुभती जनावरं सांगायची? माझ्या बानं उभ्या जन्मात कुणाला आकडा सांगितला न्हाई. गेल्या साली एक पावणं नुसतं म्हणालं, “लई दूध देती की वो.” तिसऱ्या दिवशी कास सुजली.

बयाबाई : मीबी तसंच सांगितलं. दिष्ट लागती, बाय. खोटं न्हवं त्ये.

मोना : कागदाला कसं कळणार, आई? नकाशा करणारे सल्लागार पुण्याचे. त्यांनी कागद बघितला, कट्टा बघितलाच नाही.

आकाराम : मग आता दुरुस्त कर की! माझ्या चार हायत. चार! लिव, लागू दे कुणाची लागायची ती.

मोना : हरकतीची मुदत संपली. काल मंजूर झालं, तात्या.

आकाराम : मी फुडं होतो, बयाक्का. म्हस अवघडलीया उभी ऱ्हाऊन.

बयाबाई : जावा. सावकाश जावा.

मोना : आई, तुझ्याशी बोलायचं होतं.

बयाबाई : त्यो कागद तुझ्या हातनं गेलता व्हय?

मोना : मीच टाईप केला.

बयाबाई : माजं नाव हुतं त्यात?

मोना : होतं. ‘बयाबाई. म्हैस एक. भाकड.’

बयाबाई : आणि त्या दिवशी सकाळी आपल्या तिघींस्नी वैरण टाकून तूच गेलतीस.

मोना : हो.

बयाबाई : मग सायबाला का न्हाय बोललीस? त्यो कागद खोटा हाय म्हणून?

मोना : तुला कसं माहीत, असं विचारलं असतं त्यांनी.

बयाबाई : मग सांगायचं की.

मोना : ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही तू काय करतीस ते. आई घरीच असते म्हणून सांगितलंय मी. चार वर्षं झाली. गाडीवरनं हितनं जाताना तोंडाला स्कार्फ बांधत होते मी.

बयाबाई : मला वाटायचं, उनाचं बांधतीस.

मोना : लाज वाटायची, आई.

(बयाबाई वाकून म्हशीचं दावं सोडू लागते.)

मोना : बोल की. शिव्या तरी दे.

बयाबाई : कशाला शिव्या देऊ? आमच्यासारखी होऊ नगंस म्हणूनच तर तुला शिकवली.