तोफेची बहीण

नाही म्हणजे नाही! — तुम्ही कितीदा विचारणार आणि मी कितीदा मान हलवणार? बसा. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते, इकडे कपड्यांच्या ढिगाशेजारी बसा — आणि ते लिहून आणलेलं पुन्हा वाचून दाखवू नका, एकदा ऐकलं मी. 'कुटुंबातला किरकोळ गैरसमज.' किरकोळ! शब्द कुणाचा हो, तुमचा की वकिलाचा? तुमचाच असणार, क्लबच्या प्रसिद्धी विभागाचे ना तुम्ही. बायकोला धरून भिंतीवर आपटलं, खांदा निखळला तिचा, बरगड्या मोडल्या — आणि हा गैरसमज? कुणाचा झाला गैरसमज, खांद्याचा की भिंतीचा?

आणि मी काय करायचं, तर क्लबचा स्कार्फ गळ्यात घालून कॅमेऱ्यांपुढे त्याच्या शेजारी बसायचं आणि म्हणायचं, 'मी आईच्या मायेनं वाढवलंय याला, माझा भाऊ मुंगीसुद्धा मारणार नाही.' बरोबर आहे, मुंगी नाहीच मारली त्यानं. मुंगीशी भांडण कुठे होतं त्याचं? वाढवलं मात्र मीच, ते खरं. आई गेली तेव्हा एवढासा होता, माझ्या ओढणीचं टोक धरून झोपायचा. याच मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करून त्याला खेळायचे बूट आणले. तुम्ही सगळे तोफ तोफ करता, मैदानभर लोक ओरडतात — माझ्यासाठी अजून धाकटाच आहे तो. पण धाकटा आहे म्हणून त्यानं घाण करावी आणि मी फडकं घेऊन मागे फिरावं, असा काही करार झाला नव्हता आमचा.

प्रतिमा, प्रतिमा! आल्यापासून खेळाच्या प्रतिमेचंच चाललंय तुमचं. गेल्या वर्षी हॉटेलात त्या वेटरचा जबडा मोडला, सूप गार होतं म्हणून — तेव्हाही टीव्हीवर तुम्हीच होतात ना? हाच कोट होता अंगात. 'तरुण रक्त आहे, दबाव आहे.' आठवडा नाही झाला तोवर त्याला आजारी मुलांच्या इस्पितळात नेलंत, चेंडू वाटायला लावलेत, फोटो काढलेत. छान आले हो फोटो. वेटर अजून पातळच गिळतो म्हणे, त्याचा काढला का कुणी फोटो? तेव्हाच त्याला मैदानाबाहेर बसवलं असतंत, नुसतं बाकावर, तर कदाचित — पण कसं बसवणार? गोल कुणी मारायचे? तुम्ही त्याला शिकवलंत, साहेब, की बाबा, तू मोड, आम्ही झाकतो. माझ्या धंद्यात उसवलेलं शिवतात. कुजलेल्या कापडात टाका धरत नाही.

आणि लोक! काल एक गृहस्थ आले, पँटची उंची घेत होते मी त्यांची, खाली वाकून, तोंडात टाचण्या. म्हणाले, 'ताई, फायनलला खेळू देतील ना हो त्याला?' ती कशी आहे, जिवंत तरी आहे का — एका शब्दानं नाही. फायनल! टाचणी टोचली त्यांना. चुकून. म्हणजे — चुकूनच म्हणायचं.

ती कुठे आहे ते मला काय विचारता? मी नणंद. नणंदेला सांगून कोण जातं? गेली असेल माहेरी. शोधा. आणि 'तिनं उगाच बाऊ केलाय' हे तुमचं दुसरं. बाऊ! उजवा हात अजून कानाच्या वर जात नाही तिचा, साधी वेणी घालता येत नाही, रोज सकाळी मीच विंचरून —

…

जिन्याकडे काय बघताय?

बरं. आहे. वर आहे ती. झाकून काय उपयोग आता, माझीच जीभ घसरली. दुकान उघडत होते त्या दिवशी तर दारात उभी, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. जगात हिला जायला जागा कोणती सापडली, तर नणंदेचं घर! मला म्हणाली, 'ताई, तुम्ही त्याच्या बाजूच्या, ठाऊक आहे मला, पण पाय इकडेच वळले.' काय बोलणार? आत घेतली, पाणी दिलं आणि तडक पोलीस चौकीत गेले. हो, मी. तक्रार शेजाऱ्यांपैकी कुणीतरी केली, त्याला भेटून समजूत काढू म्हणत होतात ना मघाशी? काढा. समोर बसलीय. उद्या तारीख आहे, साक्षही मीच देणार — आणि घरी येऊन रडणारही मीच, त्याची काळजी तुम्ही करू नका.

फोन का काढलात? ठेवा तो खाली. काय लिहिलंत? कुणाला?

थांबा. गाडी चालू का ठेवलीय तुमची बाहेर? ड्रायव्हर तर पलीकडे उभा आहे, पानटपरीजवळ — मग मागच्या काचेआड कोण? … अहो, त्याला घेऊन आलात? तिच्या आसपास फिरकायचं नाही असं कोर्टानं बजावलंय, आणि तुम्ही त्याला माझ्या दुकानाच्या दाराशी —

अगं! कडी लाव वरची! खाली येऊ नकोस, काहीही ऐकू आलं तरी येऊ नकोस!

उठा. उठा म्हणते ना. हो, ही कात्री आहे, दिवसभर हातातच असते माझ्या, घाबरू नका. जा आणि सांगा त्याला, उतरायचं नाही. 'ताई, ताई' अशा हाका मारायच्या नाहीत. गळा काढून रडलास तरी दार उघडणार नाही म्हणावं — आणि तो रडेल, मला माहीत आहे कसा रडतो तो, ऐकवणार नाही मला — म्हणून म्हणते, लवकर न्या. न्या त्याला इथून! उद्या कोर्टात बघेन मी त्याच्याकडे. आज नाही.

शटर पाडतेय. पाय काढा.