इंदूबाईंना मिळालेला उजवा कौल

मंडळी, आज आधी एक प्रश्न, मग आख्यान. एखादी गोष्ट आपल्या मनात पक्की ठरलेली असते. उठता-बसता तीच डोक्यात. तरी आपण देवाच्या दारात जाऊन उभे – ‘देवा, करू का रे?’ आता सांगा, हे विचारणं श्रद्धेचं की भित्रेपणाचं? लगेच माना हलवू नका! गेल्या खेपेस पहिल्या रांगेनं घाईनं उत्तर दिलं आणि शेवटी तीच रांग डोळे चुकवून प्रसादाला गेली. ऐका आधी.

आपल्या कुडाळकडच्याच एका गावात इंदुमती तेंडोलकर नावाची बाई. वय वर्षं त्रेसष्ट. शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानावर नुसती शिट्टी फुंकली की दगडी गडग्यावरची माकडंसुद्धा रांगेत यायची! पण घरी? घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अकरा वर्षं, शाळेतून आली की इंदूबाई त्या खाटेशी बसून. प्रेमानं बसली, तक्रार केली नाही. पण बसली. सासूबाई गेल्या, मागोमाग नवरा गेला, नोकरी संपली. आणि गुडघ्यांना बसायचीच सवय लागली.

तिचा मुलगा निशिकांत पुण्याला. त्याचा फोन आला – “आई, नाताळच्या सुट्टीत बर्फात जायचं. तूपण चल.”

आता बर्फ म्हणजे काय हो? तुम्हा-आम्हाला बर्फ ठाऊक तो पापलेटाखालचा! पण हिनं मोबाइलवर बघितलेला. पायांना लांब फळ्या बांधून माणसं उतारावरून घसरताहेत, आणि त्यात एक पिकल्या केसांची बाई – कंबर वाकवून, गुडघे दुमडून, सुसाट. इंदूबाईनं ते चित्र वीस वेळा पाहिलं असेल. बघता बघता स्वयंपाकघरात तिचेही गुडघे दुमडायचे. भाजी करपली दोनदा.

जागा दोन निघाल्या. एक गुलमर्ग – तारेवरून डोंगरावर नेणारा मोठा पाळणा, आणि निशिकांतनं शोधलेलं एक काचेच्या खिडक्यांचं उबदार हॉटेल. दुसरी औली. तिथं एक शिबिर होतं, नवशिक्यांसाठी. सात दिवसांत पायावर उभं करतो म्हणाले. इंदूबाई म्हणाली, “मला औली.”

“आई, काहीतरीच काय? पडलीस म्हणजे? गुलमर्गला तू मस्त खिडकीशी बसायचं, चहा प्यायचा. आम्ही दोघं घसरून येऊ, ईरा तुझ्याजवळ खेळेल.”

ईरा म्हणजे नात, चार वर्षांची. कळलं का, खिडकी कशासाठी होती ते? मुलगा वाईट नाही हो. मायाळू आहे, आईला विमानानं नेणार आहे. फक्त आई म्हणजे बसलेली असते, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं.

आणि शाळेतल्या तीनशे पोरांना धाकात ठेवणारी ही बाई पोटच्या पोराला ‘नाही’ म्हणू शकली नाही! काय म्हणाली? “दिवाळीला ये. गावच्या रवळनाथाला कौल लावू. देव म्हणेल तसं.” म्हणजे स्वतःचं भांडण देवाच्या गळ्यात घातलं.

दिवाळीत सगळे देवळात. गुरवानं देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. निशिकांत गुरवाच्या कानाशी लागला, प्रश्न सांगून मागं आला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं – “म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांच्या मनात जो काय संशय आसा, तो दूर कर रे म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

प्रश्न गुलमर्गचा असणार, म्हणून इंदूबाईची नजर डाव्या पाकळीवर. जरा हलली. हलली असं तिला वाटलं. देवळात समईची वात तेवढी तडतडत होती. आणि टपकन – उजवी पडली.

“उजवो दिल्यान देवान. गुलमर्ग,” गुरव म्हणाला.

निशिकांतनं सुटकेचा निःश्वास टाकला, सूनबाईनं तिकिटांसाठी मोबाइल काढला. आणि इंदूबाईला रडू आलं. देवासमोर, चारचौघांत, त्रेसष्टाव्या वर्षी! तिला वाटलं, संपलं. देवानंही खाटेशीच बसवलं. पदरानं डोळे पुसता पुसता तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिनं गुरवाला विचारलं, “देवाक नेमका काय इचारलास?”

“ह्या तुझ्या झीलान सांगल्यान तसाच. म्हातारेक बसाक गुलमर्ग बरा काय, असा इचारलंय.”

मंडळी, बाई ताठ उभी राहिली. म्हणाली, “देवानं बरोबर सांगितलं. बसायला गुलमर्गच बरं. पण मला बसायचं नाही.”

निशिकांत ओशाळला. “बरं, मग तुझ्या प्रश्नानं दुसरा कौल लावू.”

“नको,” ती म्हणाली. “आता गाऱ्हाण्यात ऐकलंस ना तू? संशय असेल त्यानं कौल लावायचा. मला संशय नव्हताच, मला धीर नव्हता.” मग मूर्तीकडे वळून म्हणाली, “रवळनाथा, तुला उगाच मध्ये घातलं, माफ कर. डावी पडली असती तर मी औलीला जाणारच होते, आणि आता उजवी पडली तरी जाते.”

“अगं, पण ईराला कोण बघणार?” आलं शेवटी पोटातलं ओठावर!

“तिला आईबाप आहेत, निशी. अकरा वर्षं मी एका खाटेशी बसले, त्याचं मला दुःख नाही. पण बसणं हे माझं काम आहे असं जर तुला वाटायला लागलं असेल, तर ते आज इथं, देवासमोर, मी सोडलं.”

नाताळात मुलगा गुलमर्गला गेला, बाई एकटी औलीला.

पहिल्या दिवशी अकरा वेळा आपटली. शिकवणारा गढवाली पोरगा कळवळला, “माताजी, थोडा बैठ जाइए.” हिनं काठी रोवली आणि म्हणाली, “बेटा, वो छोडके कुछ भी बोल.” सातव्या दिवशी या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत गेली. किती? शंभर पावलं असतील. शेवटी पडलीच. पण मधली शंभर पावलं ती उभी होती, वारा तोंडावर घेत, आणि शिट्टी नसताना तोंडानं शिट्टी वाजवत!

संध्याकाळी मुलाचा फोन. आता तोच काचेच्या खिडकीशी, मांडीवर ईरा, पाठीला उशी. सूनबाई घसरायला गेलेली. म्हणाला, “आई, बसून बसून कंटाळा येतो गं.” ती एवढंच म्हणाली, “हो रे. येतो.”

आता तुमच्याकडे वळतो. तुम्हीही कौल लावता. लेकीला शिकवू का, घर सोडू का, त्या माणसाला तोंडावर नाही म्हणू का. उत्तर ठाऊक असतं, आणि देवाला पाकळ्या चिकटवून उभं करता! त्यानं तुम्हाला पाय दिले, तेव्हाच तो उजवा कौल देऊन मोकळा झालाय. पुन्हा पुन्हा काय विचारता?

तर आता त्याच्या नावाचा गजर करायचा. टाळ घ्या. आणि त्या मागच्या खांबाशी बसलेल्या आयाबायांनो – होय, तुम्हालाच म्हणतोय – नातवंडं द्या ज्याची त्याच्या मांडीवर. आजचा गजर उभं राहून.