प्रश्न आईबद्दलचा

अथेन्सच्या सभागृहाबाहेर आम्ही रांगेत उभे होतो. चिठ्ठीत नाव निघून पद मिळालं, की आत पाचशे जणांसमोर काही प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. त्यातला एक म्हणजे, आईवडिलांना नीट सांभाळतोस का? माझ्यापुढे मेनिप्पोस होता, त्याची म्हातारी आई आणि साक्षीला आणलेला शेजारी थ्रासोन.

"आई, शाल नीट घे. लोक बघतायत."

"बघू देत. पाच हिवाळे गेले, तुला आजच माझी थंडी आठवली?"

"इथे नको हे."

"मग कुठे? आत बायकांना बोलू देत नाहीत. प्रश्न माझ्याबद्दलचा, उत्तर देणार तू."

"कायदा काय मी केला?"

"सभेत हात वर करून कायदे करणारे तुम्हीच ना सगळे?"

"थ्रासोन सांगेल काय ते. बोल रे, आई कशी आहे आमच्याकडे?"

"हो, सांग बाबा. रात्री माझा खोकला तुला कुठून ऐकू येतो?"

"शेळ्यांच्या खोपटातून, मावशी."

"थ्रासोन, तू साक्षीला आलायस की मला बुडवायला?"

"तूच आणलंस मला."

दारातून हाक आली, "मेनिप्पोस, साक्षीदाराला घेऊन आत ये."

"मावशी, ती शाल द्या इकडे."

"कशाला रे?"

"घडीच्या रेषासुद्धा गेल्या नाहीत अजून तिच्या. पाचशे जणांना दाखवतो."

म्हातारीने शाल उतरवली.

"आई, काढू नकोस ना. थंडी वाजेल तुला."

"सवय आहे मला."