आयडेलाची टाळी

(अमेरिकेतलं मिसिसिपी, १९५२. कृष्णवर्णीयांची वस्ती. शनिवारची दुपार, आयडेलाचं स्वयंपाकघर. चुलीवर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापलाय. स्टुलावर तिची मुलगी वर्लीन. खिडकीपाशी शेजारीण मोझेल, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत.)

आयडेला : कान धर.

वर्लीन : धरलाय की.

आयडेला : नीट दुमडून धर. भाजला तर मला बोलू नकोस. आणि सारखी काय चुळबुळ चाललीय?

मोझेल : सोमवारची चुळबुळ आहे ती.

वर्लीन : मावशी!

आयडेला : सोमवारी काय आहे?

मोझेल : अगं बाई! आईला सांगितलं नाहीस अजून? मला वाटलं, त्यासाठीच तर केस करून घेतेयस. जाऊ दे, मी काही बोललेच नाही. मी आपली कोंबड्या बघतेय. आयडेला, तुझी ती लाल कोंबडी बारीक झाली गं.

आयडेला : वर्लीन, कंगवा तापलेला आहे आणि तो तुझ्या मानेपाशी आहे. सोमवारी काय आहे?

वर्लीन : मेम्फिसला जायचंय.

आयडेला : परत? मागच्या आठवड्यात तर दाढ काढायला गेली होतीस. आता काय, राहिलेल्या काढणार?

वर्लीन : दाढ नव्हती काढली, आई.

आयडेला : आ कर. कर म्हणते ना! अगं, सगळ्या जागेवर आहेत की! आणि मी वेडी, आठवडाभर हिला लोणी घालून मक्याची पेज भरवतेय!

वर्लीन : पेज छान होती.

आयडेला : तोंड बंद कर. काय करायला गेली होतीस?

वर्लीन : तिथे एक माणूस आहे. त्याच्याकडे गाणं धरून ठेवायचं मशीन आहे. त्याची रेकॉर्ड निघते. त्याने माझं एक गाणं ऐकलं आणि ये म्हणाला.

आयडेला : कुठलं भजन?

मोझेल : भजन असतं तर दाढ कशाला दुखली असती?

आयडेला : मोझेल, तू कोंबड्या बघ. वर्लीन, म्हणून दाखव.

वर्लीन : आई, हातात कंगवा आहे तुझ्या.

आयडेला : म्हणून दाखव म्हटलं ना.

वर्लीन : ‘भोंगा वाजला, सुटले मी गं, इस्त्री विझली, सुटले मी. धर रे हात, पळ रे राजा, शनिवार आला, सुटले मी.’

आयडेला : हा राजा कोण?

वर्लीन : कोणी नाही. गाण्यातला आहे.

मोझेल : गाण्यातलाच आहे गं. खरा असता तर माझ्या खिडकीतून दिसला असता.

आयडेला : पंचवीस जणांसमोर चर्चमध्ये गिटार वाजवायला तुला कोणी शिकवलं? मी. ती गिटार कशातून आली? बायकांनी उन्हात उभं राहून मासे तळून विकले, त्यातून आली. आणि तिच्यावर तू शनिवारचा राजा नाचवतेस? ऊठ. माझ्याच्याने नाही व्हायचं हे डोकं.

वर्लीन : अर्धंच झालंय, आई!

आयडेला : होऊ दे. जा तशीच. एक बाजू देवाची, एक बाजू मेम्फिसची.

मोझेल : दिसतंय मात्र अगदी तसंच. हसू नकोस गं वर्लीन, आई आणखी चिडेल. आयडेला, पोरीला बोलू तरी दे. जे व्हायचं ते झालेलंच नाहीये. उलट बिनसलंय.

आयडेला : काय बिनसलं?

वर्लीन : गाणं उठेना.

आयडेला : म्हणजे?

वर्लीन : लाँड्रीत इस्त्री करताना मी म्हणते तेव्हा सगळ्या पोरी डोलतात. पर्यवेक्षकसुद्धा पाय हलवतो आणि मग आम्हालाच ओरडतो. पण तिथे म्हटलं तर गाणं नुसतं आडवं पडलं. मशीनवाल्याने परत ऐकवलं ना, मला रडू आलं गं. माझाच आवाज, माझीच गिटार, आणि त्यात जीव नाही.

आयडेला : साथीला कोण होतं?

वर्लीन : सायलस म्हणून एक ड्रमवाला. हॉटेलच्या बँडमध्ये वाजवतो. हात गोड आहे त्याचा, माणूसही चांगला. पण चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर जोर देतो तो, एकवर.

आयडेला : एकवर?

वर्लीन : एकवर आणि तीनवर. ‘भोंगा’वर धप्प, ‘सुटले’वर धप्प. असं.

आयडेला : थांबव. थांबव ते! ही काय टाळी झाली? माणूस जिना चढतोय का पाटी घेऊन?

वर्लीन : तेच ना. मी त्याला म्हटलं, दादा, दोनवर आणि चारवर. तो म्हणाला, नाचणाऱ्या साहेबलोकांना एकवरच पाय टाकता येतो, हाताला तीच सवय झालीय. मग मी पायाने ठेका द्यायला लागले. तर मशीनवाला बाहेर आला आणि माझ्या पायाखाली उशी ठेवून गेला.

आयडेला : उशी? तुला काय बाळंतीण समजला तो?

वर्लीन : धपधप मशीनमध्ये येते म्हणे. गाणं खराब होतं.

आयडेला : धपधप म्हणजेच गाणं! इतकं कळत नाही त्याला?

मोझेल : आयडेला...

आयडेला : आपल्याकडे ड्रम घ्यायची कधी ऐपत होती का? जमीनच ड्रम. फळ्या पोकळ आहेत खाली, टाच मारली की सगळं चर्च बोलतं. ‘भोंगा’ — सोडून द्यायचं. मग टाळी. ‘सुटले’ — सोडायचं. टाळी. त्या सोडलेल्या जागेत तर माणूस उठतो!

मोझेल : आयडेला, तुझा पाय बघ.

आयडेला : माझ्या पायाला काय झालं?

मोझेल : ताटं वाजतायत फडताळात. केव्हाची वाजवतेयस.

आयडेला : ती... मुंगी चढली होती.

वर्लीन : दोनवर आणि चारवर चढली?

आयडेला : फाजीलपणा पुरे.

वर्लीन : आई, ऐक ना. मशीनवाला वाईट नाही. तो म्हणाला, या गाण्यात काहीतरी आहे. हे ब्लूज नाही, भजन नाही, नाचाच्या बँडचंही नाही. याला काय म्हणायचं तेही त्याला सांगता येईना. रेडिओवाले हल्ली ‘रॉक अँड रोल’ म्हणतात, तसलं काहीतरी. सोमवारी आणखी एकदा ये म्हणाला.

मोझेल : नावाचं काय, पडेल नंतर. माझ्या धाकट्याला बारशापर्यंत सगळे ‘ए’ म्हणत होते. वाढायचा थांबला का तो?

आयडेला : आणि सोमवारीही उठलं नाही तर?

वर्लीन : तर तो ते दुसऱ्यांना देणार. दोन गोरी पोरं येऊन बसतात तिथे. मागच्या वेळी दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. जाताना शीळ वाजवत गेली, अगदी जशीच्या तशी. त्यांचं होईल ते. मी ते गाणं रेडिओवर ऐकेन, इस्त्री करत करत. आई, मला ते सहन होणार नाही.

आयडेला : मग माझ्याकडे काय बघतेस?

वर्लीन : तू चल.

आयडेला : कुठे?

वर्लीन : मेम्फिसला. मी गाते, सायलस वाजवेल, तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा आणि टाळी दे. तुझी टाळी कानाशी असली की मी चुकूच शकत नाही. तो सायलससुद्धा चुकणार नाही.

आयडेला : डोकं फिरलंय तुझं. हे हात मी देवाला दिलेत.

वर्लीन : मी ठेका कुठून आणला, आई? तू पोटुशी होतीस तेव्हाही पुढे उभी राहून टाच मारायचीस, मावशीच सांगते. मी आत होते. दुसरं काही मी ऐकलंच नाही जन्माला येईपर्यंत. शब्द माझे आहेत, त्यांचं पाप माझं. पण ठेका तुझाच आहे.

मोझेल : खरंय ते. नवव्या महिन्यात हिची टाच अशी पडायची की आम्हाला वाटायचं, बाळंतपण वेदीपुढेच उरकावं लागणार.

आयडेला : तुम्ही दोघी मिळून ठरवून आलात का?

मोझेल : मी? मी केस करायला आलेय. तासभर बसलेय ते बघ.

आयडेला : चर्चच्या पाळक ग्रँबरींना कळलं की काय होईल ठाऊक आहे? मला मागच्या बाकावर बसवतील. सगळ्यांसमोर नाव घेऊन. पुढे येऊन चुकले म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही, टाळी द्यायची नाही.

वर्लीन : इतकं करतील?

आयडेला : का नाही करणार? तुझा बाप शिकागोला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. गावात बिचारी म्हणून घ्यायची पाळी आली होती माझ्यावर. मी घेतली नाही. का? कारण रविवारी मी पुढे उभी राहते आणि माझी टाळी पडल्याशिवाय तिथे कोणी उठत नाही. तेवढीच एक जागा आहे माझी, पोरी. ती गेली तर मी केस ओढणारी बाई, बाकी काही नाही. मला भीती वाटते.

वर्लीन : मला हे सुचलंच नाही, आई. मग नको येऊस. खरंच नको. मी दुसरं कोणी बघते.

आयडेला : दुसरं कोण?

वर्लीन : लाँड्रीतली रूबी येईल.

आयडेला : रूबी? ती भजनात चारपर्यंत पोचायच्या आधी घाम पुसायला थांबते!

वर्लीन : मग ओला मे.

आयडेला : ओला मेला घाई. टाळी आधी, गाणं मागून. अशा बायकांच्या हातात देणार तू हे?

वर्लीन : काय करू मग? सांग ना!

मोझेल : मी एक बोलू का? मला तीनदा बसवलंय मागच्या बाकावर. एकदा नाचायला गेले म्हणून, एकदा पाळकांच्या बायकोच्या टोपीला हसले म्हणून. तिसऱ्यांदा का ते मलाही नीट कळलं नाही. काही होत नाही गं आयडेला. खिडकी जवळ आहे, वारा छान येतो. लोक पहिल्या रविवारी बघतात, दुसऱ्या रविवारी विसरतात.

आयडेला : तुझी गोष्ट वेगळी. तुला लाज नाही.

मोझेल : लाज आहे, पण बेताची. आणि एक सांगू? तू मागे बसलीस तर पुढे टाळी देणार कोण? रूबी? ओला मे? पाळक स्वतः तुला हाताला धरून पुढे आणतील, चुकले म्हणायची वाटसुद्धा बघणार नाहीत.

आयडेला : ...मशीनवाल्याच्या खोलीत जमीन कसली आहे?

वर्लीन : आं?

आयडेला : जमीन, जमीन! लाकूड आहे का?

वर्लीन : सिमेंट. वर गालिचा.

आयडेला : मग तिथे टाच मारून काय आवाज येणार? गुडघा तेवढा जाईल माझा. खाली पोकळी पाहिजे. फळी लागेल, रुंद. वर्लीन, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार काढ.

वर्लीन : आई!

आयडेला : आधी स्वच्छ घासून काढ. खाली दोन विटा ठेवल्या की बोलेल ते. बसवाल्याला म्हणावं इस्त्रीचं टेबल आहे. बघतेस काय? मी टाळी देईन. शब्द ऐकणार नाही. तू त्या राजाला हाक मारायला लागलीस की मी मनात माझं भजन म्हणेन.

वर्लीन : म्हण. काय हवं ते म्हण.

आयडेला : आणि कोणी माझ्या पायाखाली उशी ठेवायला आला, तर ती उशी मी त्याच्याच डोक्यावर...

मोझेल : कोंबड्या मी बघते दोन दिवस. लाल कोंबडीची मात्र खात्री देत नाही, ती मला आधीपासूनच आवडते.

आयडेला : आणि पाळकांना आपण होऊन मी सांगणार. उद्याच, प्रार्थना झाल्यावर. दाढ दुखते म्हणून सांगणार नाही. जाते म्हणेन, आणि का जाते तेही सांगेन. मग बसवू देत कुठे बसवायचं तिथे.

वर्लीन : मी तुझ्या शेजारी बसेन.

आयडेला : तू पुढे बस, गिटार घेऊन. कोणीतरी पुढे पाहिजे. रडू नकोस गं, केसांना वाफ लागते. आणि ऊठबस कशाला करतेस? बस खाली. अर्ध्या डोक्याने मेम्फिसला जाणार आहेस का?

मोझेल : म्हणजे माझा नंबर गेला.

आयडेला : तुझा नंबर संध्याकाळी. मोझेल...

मोझेल : काय गं?

आयडेला : त्या मागच्या बाकाखाली जमीन लाकडाचीच आहे ना?

मोझेल : लाकडाचीच. आणि खाली रिकामी. पुढच्यापेक्षा जास्त घुमते.

आयडेला : मग झालं. वर्लीन, दुसरा कान धर.