कांबळे बाईंना नुसतं प्रेमळ म्हणू नका

मंडळी, आयाबायांनो, मला बोलायला उभं केलंय खरं, पण शब्द सुचत नाहीत. आणि सुचतात ते मयताच्या सभेत बोलावेत असे नाहीत.

आमच्या कांबळे बाई परवा झोपेतच गेल्या. पहिलीचा वर्ग त्यांचा, शेजारची दुसरी माझी. मधे नुसता फळ्यांचा आडोसा. त्यांचं शिकवणं मी रोज ऐकलंय.

आत्ताच तपासणीचे साहेब बोलून बसले, "बाई फार प्रेमळ होत्या." प्रेमळ! साहेब, ते शिकवणं होतं, शिकवणं!

हजेरीआधी बाई पोरांना गोल बसवायच्या. प्रत्येकानं शेजारच्याचं तोंड बघायचं आणि सांगायचं, आज ह्याला कसं वाटतंय. चुकलं तर शेजारचा सांगणार. मी एकदा म्हटलं, "बाई, पाढे कधी घेणार?" तर म्हणाल्या, "आवं, भ्यालेल्या पोराचा मेंदू दार लावून बसतो. आधी ते उघडू दे. मग पाढे येतील आपल्या पायानं."

आले का नाही? तुमचीच पोरं ना ती? सांगा, आले का नाही?

मेंढक्याच्या बिरूनं एकदा सुवर्णाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी असते तर कानफाडलं असतं. बाईंनी ओलं फडकं त्याच्याच हातात दिलं. "धर तिच्या दंडावर." धरता धरता पोरगं थरथरायला लागलं. तेव्हा त्या एवढ्याशा पोरीनं विचारलं, "तुजं काय दुकतंय रं?"

"लांडग्यानं माजं कोकरू न्हेलं."

मंडळी, आपल्यापैकी कुणी विचारलं असतं?

त्याच वर्गात साहेब तपासणीला आले. म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे का चावडी?" पोरं उठवली, रांगेत बसवली. शेरा मारला, बाई वेळ वाया घालवतात. आणि आज हार घालायला तेच पुढं! जिवंतपणी शेरा आणि मेल्यावर हार!

प्रेमळ म्हटलं की सगळे मोकळे. शिकवणं म्हटलं तर ते पुढं चालवावं लागतं. म्हणून मला सगळ्यांसमोर उत्तर पाहिजे. उद्या पहिलीचा वर्ग गोल बसणार का नाही? साहेब, खाली बघू नका.

बरं. आता बाईंसाठी दोन मिनिटं उभे राहू. आणि गुरुजी, मगाशी तुम्ही पहिलीच्या लेकरांना दटावलंत, "रडायचं न्हाई, तोंडावर बोट." काढायला सांगा ती बोटं. गप्प आपण मोठ्यांनी राहायचं. पोरांनो, तुम्ही रडा. लय मोठ्यानं रडा. आम्ही ऐकतो.