पाकिटातला साक्षीदार

...आणि वर मलाच विचारतात, गुरुजी, गुळाच्या डब्याला कुलूप कशासाठी? कशासाठी म्हणजे? तुम्हाला सांगतो, कुलूप चोरासाठी नसतेच, चोर ते तोडतो. कुलूप असते ते घरच्या माणसाला मोहापासून वाचवण्यासाठी, आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या घरात घरचे माणूस एकच, दुर्गाबाई, माझी पत्नी, एकेचाळीस वर्षांची सोबत, त्यातली सोळा वर्षे मधुमेहाची, रोज गोळ्या, सकाळी फिरणे, जेवणात मोजकी भाकरी, आणि तरीही साखर तीनशेच्या खाली उतरायला तयार नाही! डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन टोचावे लागेल. मी म्हणालो, थांबा. सोळा वर्षे चाललेली गोळी आजच कशी थकली? दोनच शक्यता उरतात, एक तर डॉक्टरांचे औषध खोटे, नाहीतर दुर्गाबाईंचे पथ्य. आणि डॉक्टर तर माझे विद्यार्थी, त्यांना मीच वर्गात खरे बोलायला शिकवलेले...

मी संशय घेत नाही. मी फक्त विचारतो.

विचारले. तर म्हणतात काय, "अवो, म्या गुळाले हात नाई लावला. कितीदा सांगू? रोज पंचशील म्हनता अन् घरच्या बाईवर भरवसा नाई?"

आता तुम्हीच पाहा. गुळाला हात लावला नाही म्हणाल्या. चमच्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत! छत्तीस वर्षे मुख्याध्यापकी केली आहे मी, उत्तरातली गाळलेली जागा मला लगेच दिसते. कुलूप आणले. त्याला किल्ल्या दोन, एक खिशात, दुसरी कुठे ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. गुळाच्या भेलीवर कर्कटकाने रेघ ओढली, आणि रोज सकाळी वंदना झाली की डबा उघडायचा, रेघ पाहायची, आणि हो, गूळ तोच आहे की कोणी बदलून ठेवला, हे नुसते पाहून कसे कळणार, म्हणून नखाएवढा नमुना जिभेवर ठेवायचा. संध्याकाळी पुन्हा. तपासणी एकदाच केली तर तिला तपासणी म्हणत नाहीत.

आणि काय सांगू तुम्हाला... भेली झिजत होती! रोज थोडी, पण झिजत होती! कुलूप शाबूत, किल्ली माझ्या खिशात, आणि रेघ दर आठवड्याला नव्याने ओढावी लागे. मी दुर्गाबाईंना म्हणालो, आधी हा गूळ थांबेल, मग सुई. असे तीन महिने गेले. त्यांच्या पायांची आग होई, पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या, पण बोलल्या नाहीत. न बोलणे हेही मला संशयास्पद वाटले.

तेवढ्यात अमरावतीहून पायल आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, संशोधन करते. कशावर? तर शरीरातली एक पेशी तिचा माल बाहेर कसा पाठवते, यावर. सात वर्षे! एका पेशीवर! ती म्हणाली, "मोठेबाबा, मोठ्या आईले काहून छळून राहिले? रक्तालेच इचारू ना."

मी म्हटले, रक्त काय सांगणार?

"सांगते. इन्सुलिन तयार होते ना, ते आधी कच्चं असते, लांबलचक, कामाचं नाही. पेशी त्याची घडी घालते, मग छाननीच्या खोलीत पाठवते. तिथं ठरते कोनता माल लगेच बाहेर सोडायचा अन् कोनता पाकिटात भरून राखून ठेवायचा. कच्चं इन्सुलिन पाकिटात जाते. पाकिटाच्या आत मधला तुकडा कापला का मग ते खरं इन्सुलिन होते."

मी लगेच विचारले, छाननीला कोण बसते? "कोनी नाही." देखरेख? "नाही." मग चुकीचा माल आत शिरला तर? तर म्हणते, "त्यावरच तर आमच्यात वाद हाये. काही म्हनतात दारातच निवडून घेते. काही म्हनतात दारातून बरेच जन आत जाते, गोळा होऊन एकमेकाले चिकटते ते आत राहते, बाकीचे मागून बाहेर काढल्या जाते."

मागून बाहेर! म्हणजे आधी प्रवेश आणि मग परीक्षा! माझ्या शाळेत असे एकदाही झाले नाही. मी दाराच्या बाजूचा आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "पेशीले कळवते मी." कशी बोलतात पाहा आजकालची मुले... पण मी विचारले, तो कापलेला तुकडा? तो कुठे फेकतात?

"फेकत नाही. त्याच पाकिटात राहते. साखर वाढली का पाकीट फुटते अन् दोघंही बाहेर पडते, जेवढं इन्सुलिन तेवढेच तुकडे. तो तुकडा मोजला का शरीर सोताचं इन्सुलिन किती बनवून राहिलं ते समजते. साक्षीदार समजा."

साक्षीदार... हा शब्द मला आवडला. पण तुम्हाला सांगतो, साक्षीदार खरा असला तरी त्याची जबानी उतरवून घेणारी प्रयोगशाळा खरी असेल कशावरून? मी संशय घेत नाही. मी फक्त विचारतो. म्हणून पायल जेव्हा दुर्गाबाईंना तपासणीसाठी अमरावतीला घेऊन निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो आणि माझेही रक्त दिले. मी, निरोगी, निर्व्यसनी, पहाटे उठणारा! माझ्यात खोट काढली की प्रयोगशाळा खोटी ठरली. सापळा होता तो.

दुर्गाबाई आठ दिवस तिथेच राहिल्या. मी अकोल्याला परतलो, डब्याची तपासणी चालू ठेवली, आणि इथे, मंडळी, माझी मती गुंग झाली. दुर्गाबाई अमरावतीला, आणि भेली झिजतेच आहे! उंदीर म्हणावा तर कुलूप. मुंग्या म्हणाव्यात तर एवढ्या? शेजारी पुंजाजींकडेही मी दोन दिवस बारकाईने पाहिले. मनुष्य विनाकारण आनंदी दिसत होता.

मग अहवाल आले. दुर्गाबाईंचा तो तुकडा जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, काकूंच्या पेशी थकल्या आहेत. पाकिटे भरणेच थांबले आहे. यात पथ्याचा दोष नाही. सुई तीन महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती."

मी तो अहवाल घडी घालून खिशात ठेवला, किल्लीच्या शेजारी.

"आणि तुमचा तुकडा भरपूर आहे, गरजेपेक्षा फार जास्त, आणि तरी साखर चढलेली. तुमच्या पेशी दिवसरात्र पाकिटे भरताहेत, गुरुजी. असे काय खाता?"

प्रयोगशाळा खोटी, दुसरे काय! मी दुसरीत गेलो. तिथे साखर आणखी अकराने जास्त निघाली.

घरी आलो. अमरावतीहून परतलेल्या दुर्गाबाईंनी तोवर सुई घ्यायला सुरुवात केली होती, पायांची आग थोडी कमी होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, चूक माझी. एवढेच म्हणालो, पण एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"भेली कोनं खाल्ली?"

नमुना होता तो...

"सकाळ-संध्याकाळ?"

आता काय सांगावे? न दिलेले घेऊ नये हे दुसरे शील, पण आपल्याच घरचा गूळ, तो न दिलेला कसा म्हणावा, असा एक युक्तिवाद माझ्या मनात येऊन गेला, पण रोज ज्या तोंडाने शील म्हणतो त्याच तोंडाने तो बाहेर येईना. किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. वाटले, संपले. तर पदराला किल्ली बांधता बांधता, अगदी शांतपणे...

"दुसरी किल्ली हाये काय कुठी? म्या संशय नाई घेत. म्या फक्त इचारते."

खोटे न बोलण्याचे चौथे शील आहे, मंडळी. घड्याळाच्या मागून काढून तीही दिली.