लवकर उरकलेले बोंबील

मुरबे गावच्या शाळेत नव्यानंच बदलून आलेल्या नर्मदाबाई बोईसरला एसटीच्या रांगेत उभ्या होत्या. तारापूरच्या बांधकामाचे ट्रक धूळ उडवत गेले, तरी पुढच्या मायलेकांचं बोलणं कानावर येतच होतं.

“कॉलेजात कारखान्याचं काम आखायला शिकवतात, आये. तसंच तुमचं बोंबील सुकवणं आखून दिलं. घोळका नको, जिची तिची रांग वेगळी.”

“हां. आता दुपारीच उरकतं.”

“मग तोंड असं उतरलेलं का?”

“पयले बोलता बोलता सांज व्हायची.”

“मग पुन्हा एकत्र बसा.”

“आता कोण नाय बसत. बायांना घरी जायची घाई.”

“तू पण जा की.”

“त्यांच्या घरात माणसं हायत रे.”

एसटी आली. लेक स्टेशनाकडे वळला. गाडी रिकामीच होती, तरी नर्मदाबाई त्या बाईच्याच बाकावर जाऊन बसल्या.